थोरला डोंगर, धाकला डोंगर आणि माझी मिशी

कोल्हापूरच्या उभ्या मंगळवार पेठेत लडाखच्या वाळवंटात जाऊन डोंगराचं टोक गाठलेला, टोकावर फेटा बांधून स्वतःच्याच डोक्यावर गुलाल उधळलेला आणि तिथनं आख्ख्या पेठेला फोटो पाठवलेला माणूस एकच. तो म्हणजे मी. नोंद करून ठेवा!

फक्त 'कुठल्या डोंगराचं टोक' असं तेवढं विचारू नका. तिथंच तर माती खाल्ली.

हसताय काय? चहा घ्या, सांगतो. तुमच्यापासून काय लपवायचं? माझं त्या दिवशीचं तोंड पेठेतल्या लहानथोरांनी बघितलंय, तेही वीस फूट बाय दहा फूट.

सुरुवात झाली बंडाच्या सलूनमध्ये. बंडाचं सलून म्हणजे नावाला सलून. सरकार कुठं चुकलं, कुणाच्या पोरीचं कुठं जमतंय, रश्श्याला कुणाच्यात चव राहिली नाही, हे सगळं तिथं ठरतं. दाढी हा बंडाचा जोडधंदा.

तर मी खुर्चीत, आणि बाकड्यावर दस्तगीर. दस्तगीर माझा पहिलीपासूनचा दोस्त. सातवीत मी दोनदा बसलो, तो एकदाच बसला, एवढाच काय तो आमच्या शिक्षणातला फरक. पुढं तो पेंटर झाला. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, सगळं ब्रशनं. रेघ मारली की पट्टीनं मारल्यासारखी! मग फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश खुंटीला गेला. तेव्हापासून गडी दर रविवारी पन्हाळ्याला चालत जातो. मी शिरोली एमआयडीसीत मोल्डर होतो. तीस वर्षं फौंड्रीच्या वाळूत साचे दाबले. आता दोघंही रिकामे. तो डोंगर चढतो, मी लोकांच्या खोड्या काढतो. रिटायर झाल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या आवडीचा व्यायाम करावा.

खोड्या म्हणजे किती? गल्लीत एक चिडका वकील राहायचा. त्याच्या दारावर मी 'येथे बीपी फुकट तपासून मिळेल' अशी पाटी लावली होती. दोन दिवस म्हाताऱ्यांची रांग, बाह्या वर करून. शेवटी वकिलाचंच बीपी तपासावं लागलं. पाटी रंगवली होती दस्तगीरनं, बिचाऱ्याला काय माहीत कुठं लागणार ते.

तर दस्तगीर त्या दिवशी बाकड्यावरनं म्हणाला, "पोरानं पुण्यातनं बुकिंग केलंय माजं. लडाखला. बारा जणांचा ग्रूप हाय. वाळवंटातला डोंगर चढायचा."

"वाळवंटात डोंगर?" मी साबणाच्या फेसातनंच बोललो. "लका, वाळवंटात उंट असत्यात. तुला उंटावर बशिवतील, फोटू काढतील आनि देतील लावून माघारी."

"थंड वाळवंट हाय ते. झाड न्हाई, गवात न्हाई, पाऊस न्हाई. मैलोन् मैल मानूस न्हाई. नुसती वाळू, दगड आनि वारं."

"मग त्यात बघायचं काय? आमच्या फौंड्रीच्या मागं हेच हाय की! आनि फुकाट!"

सलूनभर हशा. आता माझा एक जुना रोग सांगतो. लोक हसले की माझं डोकं जाग्यावर राहत नाही. पुढचं वाक्य तोंडातनं आपोआप येतं.

दस्तगीर शांतपणे म्हणाला, "तू दूध आनायला रिक्षा करतूस, आप्प्या. तू नको बोलू."

"मी आलो न्हवं, तर तुज्या आदी टोकावर बसलेला असंन!"

"आनि न्हाई पोचलास तर?"

मी मिशीला पीळ दिला. माझी मिशी तुम्ही बघितलेली नसेल तर सांगतो. लग्नाच्या आधीपासूनची. दोन्ही टोकं वर, मधे घनदाट. फौंड्रीतला साहेब मला नावानं ओळखायचा नाही, "ते मिशीवाले कुठायत?" म्हणून विचारायचा. त्या मिशीवर हात ठेवून मी बोललो, "न्हाई पोचलो तर ह्याच खुर्चीत बसून मिशी उतरवीन. बंडाच्या हातनं. समद्यांच्या देखत!"

बंडानं कात्री खाली ठेवली. "आप्पा, तारीख तेवढी आधी सांगा. त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेत न्हाई."

घरी येऊन सांगितलं तर वाटलं, मंडळी अडवतील. वयाचं काढतील, शपथ घालतील. आमच्या सुशीलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "जावा की. चाळीस वर्सं झाली लग्नाला, त्या मिशीखाली ओठ हाय का न्हाई त्येबी मला म्हाईत न्हाई. ह्या निमित्तानं कळंल."

म्हणजे घरातनंच माझ्या विरोधात मतदान!

आता शेवटची आशा डॉक्टर. चढायला जायचं तर तब्येतीचा दाखला लागतो. डॉक्टरनं नापास करावं म्हणून आदल्या दिवशी मी दोन ताटं तांबडा-पांढरा ओढला. आणि रिपोर्ट काय? ठणठणीत! सातवीत पास व्हायचं तिथं नापास झालो, आणि इथं नापास व्हायचं तिथं पहिल्या झटक्यात पास.

स्टेशनवर आमच्या तालमीची पोरं हलगी घेऊन आली. तालमीचा अध्यक्ष संभा, चाळिशीतला गडी, पण वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अजून कॉलेजातला फोटो. त्यानं मला फेटा दिला, तालमीचा झेंडा दिला, गुलालाची पुडी दिली आणि कानात म्हणाला, "आप्पा, टोकावर पोचला की पयला फोटू ग्रूपवर टाका. चौकात फ्लेक्सची जागा धरून ठेवलीया."

"आनि दस्तगीरचा?"

"दस्तगीरचाचांचा बी टाकू की. खाली. शुभेच्छुकांत."

लेहला पोचल्यावर बाकीचा ग्रूप भेटला. दहा जण, सगळे पुण्याचे. आता मी पुणेकरांबद्दल काही वाईट बोलणार नाही. फक्त एवढंच सांगतो, त्यांच्या पाठीवरच्या पिशवीतनं एक नळी निघायची आणि तोंडात जायची. पाणी प्यायला! मला वाटलं सगळ्यांना सलाईन लावूनच आणलंय. जेवायच्या वेळी चांदीच्या कागदातली एक वडी खायचे आणि "पोट भरलं" म्हणायचे. मी भडंग काढलं, त्यावर कांदा-लसूण चटणी घातली, तर लांबनं वास घेऊन एक जण म्हणाला, "इतक्या उंचीवर हे चालतं का?" मी म्हटलं, "पावणं, हे चालत न्हाई, पळतंय!"

लीडर होत्या केतकी मॅडम. वय तिशीचं, आवाज हेडमास्तरचा. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायच्या आणि माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा. रोज सकाळी बोटाला एक चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या. मी एकदा तो चिमटा सामान वाहणाऱ्या गाढवाच्या कानाला लावून बघितला. खोटं नाही सांगत, गाढवाचा आकडा आमच्यातल्या तिघांपेक्षा जास्त भरला!

दोन दिवस जीपमधनं हाडं खिळखिळी करून घेतली, मग एक दिवस चाललो, आणि जिथं तंबू ठोकले तिथं खरंच दस्तगीर म्हणाला तसं काही म्हणजे काही नव्हतं. वाळू, दगड, वारा. मोबाईल तर नुसता घड्याळ झाला होता. समोर दोन डोंगर. एक थोरला, एक धाकला. त्यांची खरी नावं माझ्या जिभेला झेपत नाहीत. थोरल्यावर चढायचं होतं. पण गंमत अशी की धाकला होता जवळ आणि थोरला लांब, त्यामुळं तंबूतनं बघितलं तर दोघंही सारखेच दिसायचे. किंबहुना धाकलाच जरा जास्त रुबाबात.

चढायच्या आदल्या दिवशी मॅडम आणि तिथला वाटाड्या ताशी वर जाऊन आले. वाटेनं ठिकठिकाणी दगडावर दगड रचून खुणा करून आले. आपण लगोरी रचतो ना, अगदी तशा. दुपारी जेवताना मॅडमनी सगळ्यांना समजावलं.

"पुढे एक फाटा आहे. दोन घळी आहेत, दोन्ही सारख्या दिसतात. आत शिरलं की वरचा डोंगरही दिसत नाही. त्यामुळे उद्या जे मागे राहतील," इथं त्यांनी माझ्याकडे बघितलं, "त्यांनी फक्त लगोऱ्या बघत यायचं. जिकडे लगोरी, तिकडे वाट. स्वतःची बुद्धी वापरायची नाही."

दहा पुणेकर फिदीफिदी हसले. आणि तुम्हाला सांगितलंच, लोक हसले की माझं काय होतं. त्यात हे लोक माझ्या बोलण्यावर नाही, माझ्यावर हसले होते!

जेवण झाल्यावर सगळे तंबूत आडवे. मी उठलो. हळूहळू, बसत उठत फाट्यापर्यंत गेलो. एका घळीच्या तोंडाशी तीन लगोऱ्या होत्या. मी त्या तिन्ही उतरवल्या आणि शेजारच्या घळीत नेऊन रचल्या. बास! उद्या ही नळीवाली मंडळी बुद्धी न वापरता चुकीच्या घळीत शिरणार, तासभर डोकं खाजवत उभी राहणार, आणि मागनं मी येऊन म्हणणार, "काय पावणं, वाट इकडं हाय!" नुसत्या कल्पनेनंच माझा ऑक्सिजन वाढला.

परत आलो तर दस्तगीर तंबूबाहेर दगडावर बसून मोजा शिवत होता.

"कुटं गेलतास?"

"हवा खायाला."

"हाताला एवढी धूळ?"

"हवेत धूळच लई हाय इथं."

त्यानं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडली आणि फाट्याच्या दिशेनं बघत बसला. मला वाटलं, निसर्ग बघतोय.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला निघालो. पहिली दहा पावलं मी सगळ्यांच्या पुढं होतो, हे कुणी सांगत नाही! अकराव्या पावलाला छातीचा भाता झाला. एक पाऊल टाकायचं, चार श्वास घ्यायचे. मॅडम ताशीला माझ्याबरोबर ठेवत होत्या, मीच त्याला हाकलला. म्हटलं, भट्टीपुढं तीस वर्षं उभा राहिलेला माणूस आहे, मला सोबत लागत नाही. खरं कारण वेगळंच होतं. ताशीला वाट पाठ, तो माझ्याजवळ राहिला तर फाट्यावर माझी चोरी पकडणार. पुढं तो मॅडमच्या मागनं चालेल, आणि मॅडम लगोऱ्या बघून!

दस्तगीर पन्हाळ्याच्या चालीनं पुढं निघून गेला. पिवळी कानटोपी घातली होती त्यानं, सुनेनं विणलेली. वळून ओरडला, "आप्प्या, लगोरी बगत ये रं!"

मी मनात म्हटलं, येड्या, लगोरी बघूनच तर तू फसणार आहेस!

तासाभरात पुढच्यांचे रंगसुद्धा दिसेनासे झाले. मी फाट्यावर पोचलो आणि थांबलो. आता आली का पंचाईत! काल लगोऱ्या डावीकडनं उजवीकडं नेल्या, का उजवीकडनं डावीकडं? काल दुपारी सावल्या एका बाजूला होत्या, आज सकाळी दुसऱ्या. दगड सगळे एका आईची लेकरं. आणि तिथल्या विरळ हवेत डोकं म्हणजे पाणी सुटलेली कढी. काही केल्या आठवेना.

पण एक गोष्ट पक्की होती. लगोऱ्या मी हलवल्या आहेत. म्हणजे जिकडं लगोरी, तिकडं वाट नाही! काय डोकं चाललं बघा!

उजव्या घळीत तीन लगोऱ्या उभ्या होत्या. एका रेघेत, एकसारख्या उंचीच्या, अगदी देखण्या. क्षणभर वाटलं, आपल्या हातनं एवढं सुबक काम झालं कधी? पण स्वतःचं कौतुक वाटायला लागलं की माणूस जास्त चौकशी करत नाही. 'वा रे पठ्ठे!' म्हटलं आणि बिनलगोरीच्या डाव्या घळीत शिरलो.

ती चढण काय सांगू! दोन पावलं वर, वाळू एक पाऊल खाली. फौंड्रीच्या वाळूनं सूडच घेतला माझ्यावर. कधी दोन पायांवर, कधी चार. एक वेळ अशी आली की मी मोठ्यानं म्हणालो, "घे बाबा मिशी, सोड मला!" पण ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ते धरू नका.

आणि अचानक चढ संपला! सपाट जागा. वर नुसतं आभाळ. टोक!

आणि त्याच क्षणी खिशातला मोबाईल वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग! चार दिवसांचे मेसेज एकदम. गॅसचं बुकिंग, बिनव्याजी कर्ज, गुलाबाच्या फुलांची अकरा सुप्रभातं. अहो, वाळवंटात, डोंगराच्या टोकावर रेंज! मला तो शुभशकुन वाटला.

मग समोर बघितलं. पलीकडच्या डोंगरावर रंगीत ठिपके. लाल, निळे, हिरवे, आणि एक पिवळा. हात हलवत होते, उड्या मारत होते.

मी खालीच बसलो. हसून हसून! सगळेच्या सगळे चुकलेले! मॅडमसकट! वाटाड्यासकट! आणि दस्तगीरच्या आधी टोकावर बसणार म्हणालेला मी खरोखर टोकावर बसलेलो! ते दोन्ही हात आडवे हलवून काहीतरी खुणावत होते. मीही हलवले. मॅडमनी शिट्टी मारली. मी तोंडात दोन बोटं घालून तिच्या वरताण मारली.

आता खरं सांगायचं तर ते माझ्यापेक्षा जरा उंचावर वाटत होते. पण मी म्हटलं, लांबचं असंच दिसतं. तंबूतनं नाही का दोन्ही डोंगर सारखे दिसत होते? शास्त्र आहे ते.

फेटा बांधला. झेंडा रोवला. गुलालाची पुडी फोडून डोक्यावर उधळली, तो निम्मा चष्म्यावर बसला. नातवाच्या सेल्फीच्या काठीला मोबाईल लावला, मिशीला पीळ दिला आणि फोटो काढला. चष्म्यातनं सगळं जग लाल दिसत होतं. फोटो तालमीच्या ग्रूपवर टाकला आणि वर बोलून पण पाठवलं, "आप्पा बोलतोय! टोकावरनं! पुण्याची टोळी आनि आपला दस्तगीर वाट चुकून दुसऱ्याच डोंगरावर बसल्यात. मागं ठिपकं दिसत्यात बगा, त्येच! कोल्हापूरचा एकटा गडी शिखरावर! नाद न्हाई करायचा!"

लगेच खाली एक अंगठा उमटला. संभानं ऐकलं होतं.

खाली तंबूत पहिला मीच पोचलो. साहजिकच आहे. तोंड धुतलं आणि पायावर पाय टाकून, भाषण तयार करून बसलो. दोन तासांनी मंडळी आली.

"काय मॅडम," मी सुरू केलं, "बुद्धी वापरायची न्हाई म्हनाला हुता..."

"आप्पा!" मॅडमचा आवाज अर्धा रागाचा, अर्धा काळजीचा. "तुम्ही त्या लहान डोंगरावर काय करत होतात? आम्ही वरून किती हाका मारल्या! उजव्या घळीतल्या तीन लगोऱ्या दिसल्या नाहीत तुम्हाला?"

माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

"लहान? मी तर... शिखरावर..."

ताशी पोट धरून हसला. "अंकल, वो शिखर नहीं है। वहाँ तो मेरी नानी बकरी चराती है!"

मी दस्तगीरकडे बघितलं. तो कानटोपी काढून आभाळाकडे बघत होता. मला काहीच उमगेना. लगोऱ्या चुकीच्या घळीत होत्या, मग हे बरोबर डोंगरावर पोचले कसे? विचारावं, तर आधी स्वतःची चोरी कबूल करावी लागणार. अशी पंचाईत तुमची कधी झालीय का? गप्प बसण्यात मी आधीच कच्चा, आणि इथं तर जन्मभराचं गप्प बसणं एकदम वाट्याला आलं.

तंबूत दस्तगीरनं विचारलं, "फोटू काढत हुतास न्हवं? कुनाला पाठिवलास काय?"

"तालमीच्या ग्रूपवर."

"नुसता फोटू?"

"बोललो बी जरासं."

"काय बोललास?"

सांगितलं. तो इतका हसला की तंबूचा खुंटा उपटला. मग डोळे पुसून म्हणाला, "मी काय कुनाला सांगत न्हाई. तुजं तू निस्तर."

निस्तरायला रेंज तर पाहिजे! ती फक्त ताशीच्या नानीच्या बकऱ्यांना मिळत होती. आणि लेहला परत येईपर्यंत ग्रूपवर आठशे मेसेज झाले होते. शेवटचा संभाचा, 'फ्लेक्स लागला.'

कोल्हापूर स्टेशनला हलगी, हार, पेढे. मी संभाला बाजूला ओढलं. "संभा, लेका, जरा घोळ झालाय..."

"घोळ बिळ काय न्हाई! आमदार येणार हायत सत्काराला. शिखर ते शिखर!"

आणि चौकात तो फ्लेक्स! वीस फूट बाय दहा! वर लाल अक्षरांत, 'पुणेकर चुकले, कोल्हापूरकर पोचले!' मधे मी, गुलालानं माखलेला, मिशी दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट. माझ्या कानामागं छापलेला एक लाल गोल, आणि त्याला बाण, 'वाट चुकलेली मंडळी'. खाली गॉगल लावलेले चाळीस शुभेच्छुक. आणि कोपऱ्यात संभा. संभाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. तो कुठल्या शिखरावर गेला होता देव जाणे.

मी मनाशी ठरवलं, गप्प बसायचं. पुणेकर पुण्यात, ताशी लडाखात, दस्तगीर शब्दाचा पक्का. मिशी वाचली!

संध्याकाळी चौकात स्टेज. पहिल्या रांगेत बंडा, तोंड पाडून बसलेला. माझ्या मिशीसाठी म्हणे त्यानं नवा वस्तारा आणून ठेवला होता. आमदारांनी मला शाल घातली आणि आपल्या मातीबद्दल अर्धा तास बोलले. लडाखच्या मातीचं नाव नाही. मग माईक माझ्या हातात आला. समोर हजार डोकी! मी सुरुवातीला दबकतच बोललो. पण पहिल्या वाक्याला लोक हसले. दुसऱ्याला टाळ्या. झालं! माझा रोग उफाळला.

"काय सांगू मंडळी! टोकावरनं बगितलं तर ही चुकलेली मानसं खाली, पार खाली, मुंग्यांवानी वळवळत हुती! मी वरनं म्हनलं, अरं या, वर या..."

"अवो!" बायकांच्या रांगेतनं आवाज आला. तो आवाज मी चाळीस वर्षं ओळखतो. सुशीलाबाई उभ्या. नजर माझ्यावर नाही, फ्लेक्सवर. "एक विचारू का? तुमी टोकावर. ती मानसं खाली. मग ती तुमच्या डोस्क्याच्या वर कशी काय?"

हजार माना एकदम वर झाल्या.

मोबाईलमध्ये तिळाएवढे दिसणारे ठिपके फ्लेक्सवर चांगले वीतभर झाले होते. लाल गोल माझ्या कानामागनं सुरू होत होता खरा, पण त्यातली माणसं माझ्या फेट्याच्याही वर होती. आणि त्यांच्या वर नुसतं आभाळ! अगदी शेंबड्या पोरालासुद्धा कळावं, थोरला कुठला आणि धाकला कुठला.

"आनि त्यो पिवळ्या कानटोपीतला," सुशीलाबाई थांबायला तयार नाहीत, "त्यो आपला दस्तगीरभावजी न्हवं?"

 आधी एक हसला. मग दहा. मग हलगीवाल्यानं हलगीच वाजवायला घेतली! आमदारांना अचानक दुसरा कार्यक्रम आठवला. माझ्या गळ्यातला हार कुणीतरी ओढला आणि दस्तगीरच्या गळ्यात घातला, तो बिचारा मागच्या रांगेत पाणीपुरी खात उभा होता. आणि पहिल्या रांगेतनं बंडा उठला. खुललेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "आप्पा, उद्या सकाळी आठला. दुसरं गिऱ्हाईक घेत न्हाई."

सकाळी सलूनला निघालो तर चौकात फ्लेक्स तसाच होता. फरक एवढाच की जुना लाल गोल पांढऱ्या रंगानं पुसला होता आणि नवा गोल माझ्या तोंडाभोवती मारला होता. बाण तोच, अक्षरंही तीच. गोल मात्र छापलेला नव्हता. ब्रशचा होता. कंपासानं काढल्यासारखा, कुठं म्हणून हात थरथरला नव्हता.

मी तिथंच उभा राहिलो. आणि मग मला त्या फाट्यावरच्या तीन लगोऱ्या आठवल्या. एका रेघेत. एकसारख्या उंचीच्या. देखण्या!

सलूनमध्ये आख्खी पेठ. दारात सुशीलाबाई, पदर खोचून, चाळीस वर्षांचा निकाल ऐकायला आल्यासारख्या. बाकड्यावर दस्तगीर पेपर वाचत. बोटांना लाल रंग.

बंडानं फेस लावला. मी आरशातनंच म्हटलं, "दस्त्या, खरं सांग. त्या तीन लगोऱ्या परत जाग्यावर तूच नेऊन ठेवल्यास न्हवं?"

"व्हय. तू तंबूत घोरत हुतास तवा."

"आनि मला सांगिटलं न्हाईस? एक शबूद बोलला असतास तर आज माजी मिशी वाचली असती की रं!"

"आप्पा," बंडानं वस्तारा ओठावर टेकवला, "आता हालायचं न्हाई आनि बोलायचं बी न्हाई."

दस्तगीरनं पेपरचं पान उलटलं.

"सांगिटलं की. लगोरी बगत ये म्हनलंतं. दगडं बिचारी खरंच बोलत हुती, आप्प्या. पर तुला वाटलं, दगडंबी तुज्यावानीच खोटं बोलत्यात."